खेप पहिली नव्हे, दुसरी

दिनांक : ३ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. माता-बाल संगोपन अधिकारी,
जिल्हा माता-बाल संगोपन कक्ष,
दुसरा मजला, विश्रामबाग, सांगली.

अर्जदार : सौ. स्वप्नाली बिरदेव सरगर, वय २२, शिक्षण बारावी (कला), व्यवसाय मेंढपाळ.
पत्ता (जून ते दिवाळी) : मु. पो. घाटमाळवाडी, ता. कवठे महांकाळ, जि. सांगली.
पत्ता (दिवाळी ते जून) : कृपया परिच्छेद ३ पाहावा.

विषय : माता व बाल संरक्षण कार्डावर ‘कितवी खेप’ या रकान्यात १ असा आकडा पडला आहे, तो खोडून २ करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) उपकेंद्र घाटमाळवाडी यांचे उत्तर, “पुरावा आणा”, दि. १७ जुलै.
२) आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे उत्तर, “सिस्टम घेत नाही”, दि. ८ ऑगस्ट.
३) ग्रामपंचायत पिंपळखोरे, ता. कराड यांचे उत्तर, “रान हा ऑप्शन नाही”, दि. २ सप्टेंबर.
(तिन्ही उत्तरे तोंडी आहेत. लेखी मागितले असता कोणीही दिले नाही, म्हणून जावक क्रमांक लिहिता येत नाहीत.)

महोदय / महोदया,

१. वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज करते की, मी सध्या आठव्या महिन्यात असून उपकेंद्राने दिलेल्या कार्डावर माझी ही पहिली खेप असल्याची नोंद आहे. ही माझी दुसरी खेप आहे. एखाद्या बाईची कितवी खेप हे त्या बाईला विचारून लिहायचे असते, असे मला वाटत होते. गेल्या साडेतीन महिन्यांत माझा हा गैरसमज बऱ्यापैकी दूर झाला आहे.

२. एका आकड्यासाठी जिल्ह्यापर्यंत कशाला आलात, असे आपल्या कक्षाच्या शिपायांनीही मला विचारले. त्यांना जे सांगितले तेच इथे लिहिते. पहिल्या खेपेला बाळंत झाल्यावर माझे रक्त थांबले नाही. दवाखान्यात नेऊन दोन बाटल्या रक्त चढवावे लागले. तिथल्या डॉक्टरांनी निघताना मला आणि सासूबाईंना समोर बसवून बजावले की, पुढच्या खेपेला रक्ताची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यातच बाळंत व्हायचे, दुसरीकडे कुठेही नाही. ही गोष्ट कार्डावर आली की माझे नाव अतिजोखमीच्या मातांच्या यादीत जाते, तारखेआधी मोठ्या दवाखान्यात भरती करून घेतात आणि रक्त आधी तयार ठेवतात. हे मला उपकेंद्राच्या भिंतीवरच्या तक्त्यावरूनच कळले. तक्ता चांगला आहे, सुवाच्य आहे.

पण पहिली खेप असलेल्या बाईचे मागचे बाळंतपण अवघड गेलेले असूच शकत नाही, हे संगणकाला पक्के ठाऊक आहे. खेपेच्या रकान्यात १ टाकला की मागच्या बाळंतपणाचे सगळे रकाने तो आपोआप बंद करतो. सिस्टरांनी मला स्क्रीन वळवून दाखवले. रकाने करडे पडतात आणि त्यात काहीही लिहिता येत नाही. मग उरले माझे वजन, उंची आणि रक्त. तिन्ही नियमात आहेत. म्हणून मी सर्वसाधारण माता ठरले असून माझे बाळंतपण आमच्या उपकेंद्रात व्हायचे आहे. उपकेंद्रात खाट आहे, पंखा आहे, हसऱ्या बाळाचे पोस्टर आहे. रक्त नाही. सिस्टरांकडे दोन उपकेंद्रांचा चार्ज असल्याने त्या सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी येतात. माझी तारीख २८ डिसेंबर दिली आहे. त्या दिवशी रविवार आहे.

मला भीती वाटते. अर्जात असे वाक्य चालते की नाही मला माहीत नाही. दहावीला पत्रलेखनात मला पैकीच्या पैकी गुण होते, पण भीतीचा अर्ज कसा लिहायचा ते पुस्तकात नव्हते.

३. आता पत्त्याबद्दल. आम्ही धनगर. दोनशेवीस मेंढरे, नऊ शेळ्या, दोन घोडी आणि तीन कुत्री एवढा आमचा संसार आहे. आमच्या भागात दिवाळीनंतर चारा उरत नाही, म्हणून बिऱ्हाड घोड्यांवर लादून आम्ही कृष्णाकाठाकडे निघतो आणि मिरगाच्या सुमारास परततो. वाटेत शेतकरी खतासाठी रानात मेंढरे बसवून घेतात. कुठे दोन दिवस, कुठे पाच, ओळखीच्या मालकाकडे महिनाही. त्यामुळे आमचा पत्ता गावाच्या नावाने नसतो, रानाच्या मालकाच्या नावाने असतो. “आम्ही सध्या लालासाहेबांच्या रानात आहोत,” एवढे सांगितले की आमच्यातल्या प्रत्येकाला कळते. ते रान कुठल्या गावाच्या हद्दीत येते हे आमच्यातले कोणीच कधी विचारत नाही.

आणि आमच्यातल्या माणसाला कोणीही, कुठेही, गाव कोणते असे विचारले, तर तो आपल्या मूळ गावाचेच नाव सांगतो. कराडच्या बाजारात उभा असला तरी सांगतो. वर्षातले सात महिने ज्या गावात आपण नसतो ते तोंडात तरी राहावे, अशी आमची रीत आहे. या रीतीने माझे काय केले ते पुढे परिच्छेद ५ मध्ये येईल.

४. पहिल्या खेपेची हकीकत थोडक्यात सादर करते. २०२३ साली दिवाळी होऊन तळ हलला तेव्हा मला सहावा महिना होता. गावाकडच्या वहीत माझ्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शिक्का पडला. वाटेत जिथे जिथे दवाखाना दिसला तिथे मी तपासायला गेले. अशी पाच गावे झाली. पाचही ठिकाणी, तुमचे कार्ड तुमच्या गावचे, तुमची गोळी तुमच्या गावी, असे उत्तर मिळाले. एका ठिकाणच्या बाईंनी मात्र लोहाच्या गोळ्यांचे एक पाकीट हळूच पिशवीत टाकले आणि कुठे सांगू नका म्हणाल्या. म्हणून गावाचे नाव लिहीत नाही.

दि. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी दुपारी, पिंपळखोरे (ता. कराड) येथे लालासाहेबांच्या तुटलेल्या उसाच्या रानात मला मुलगी झाली. तारखेच्या तीन आठवडे आधी झाली. सासूबाई मनुबाई यांनी सगळे निभावले. रक्त थांबेना तेव्हा लालासाहेबांनी जीप काढली आणि हायवेवरच्या एका छोट्या खाजगी दवाखान्यात नेले. लालासाहेब हे मिलिटरीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी दवाखान्याच्या दारात जो आवाज चढवला त्यामुळे मी आज हा अर्ज लिहायला जिवंत आहे. दवाखान्यात पेशंट मी होते, त्यामुळे केसपेपर माझा निघाला. मुलगी सासूबाईंच्या मांडीवर बाहेर बाकड्यावर होती. तिचा केसपेपर निघाला नाही. तिचे वजनही कोणी केले नाही.

आम्ही तळावर परतलो. सातव्या दिवशी पिंपळखोऱ्याच्या आशाताई रेश्मा रानात आल्या. त्यांना कोणी पाठवले नव्हते, दूध घालायला जाताना आमचे पाल दिसले म्हणून आल्या होत्या. त्यांनी घरून काटा आणून मुलीचे वजन केले. एक किलो नऊशे भरले. त्या म्हणाल्या, “आवं मावशी, लय बारीक हाय पोरगी. पर माज्या यादीत तुमचं नाव न्हाई, म्या हे लिवू कुठं?” वहीत लिहायला जागा नव्हती म्हणून त्यांनी ते वजन पेनाने आपल्या तळहातावर लिहून घेतले. वरिष्ठांना विचारून येते म्हणाल्या. वरिष्ठ त्या दिवशी मीटिंगला होते. पुढे हात धुतला गेला.

५. दि. १४ फेब्रुवारी, नववा दिवस. सकाळी मुलीने दूध ओढणे बंद केले. माझे पती बिरदेव मेंढरांमागे लांब गेले होते आणि लालासाहेब कारखान्यावर होते. म्हणून माझे सासरे कोंडीबा यांनी मोबाईलवरून अँब्युलन्सला फोन लावला. समोरच्या बाईंनी नीट सगळे विचारले, याबद्दल माझी तक्रार नाही. नाव विचारले, वय विचारले, त्रास काय ते विचारले. मग गाव कोणते म्हणून विचारले. सासऱ्यांनी आयुष्यभर दिले तेच उत्तर दिले. घाटमाळवाडी, तालुका कवठे महांकाळ.

गाडी तत्परतेने निघाली. घाटमाळवाडीस गेली. आम्ही तिथून शंभर किलोमीटरवर, कराडच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला मुलीला पदरात घेऊन उभे होतो आणि प्रत्येक पांढऱ्या गाडीला हात करत होतो. दीड तासाने लालासाहेब आले आणि त्यांनी जीप काढली. कारखान्याच्या वळणावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. मुलगी तिथेच गेली. लालासाहेबांनी आपल्या बांधाला तिच्यासाठी जागा दिली. ते आजही नांगर तिथून वळवून घेतात.

सासऱ्यांनी त्या दिवसानंतर फोनवर बोलणे सोडले आहे. फोन वाजला की ते दुसऱ्याच्या हातात देतात. मी त्यांना दोष देत नाही, आणि आपणही देऊ नये. गाव विचारणाऱ्याने आता कुठे उभे आहात असे विचारले असते तर त्यांनी बरोबर सांगितले असते.

६. आता या खेपेच्या नोंदीत झालेली चूक. ती आमच्याच घरातून झाली, हे प्रांजळपणे मान्य करते. यंदा तळ गावी परतल्यावर दि. १२ जून रोजी मी नाव घालायला उपकेंद्रात गेले. सोबत सासूबाई होत्या. सिस्टरांनी कितवी खेप असे विचारले आणि मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, “पयलीच हाय.” पोटात असताना गेलेल्याचे नाव काढले तर पोटातल्याला नदर लागते, असे आमच्याकडे मानतात. त्या मला घरूनच सांगून आल्या होत्या. मी गप्प बसले. बारावी शिकलेली असून गप्प बसले, याचा मला आजही राग येतो. सिस्टरांनी १ लिहिला आणि संगणकावर चढवला.

महिनाभराने भिंतीवरचा तक्ता वाचला तेव्हा तो १ मला केवढ्याला पडणार ते कळले. १७ जुलैला मी एकटीच जाऊन सिस्टरांना खरे ते सांगितले. सिस्टर वाईट नाहीत. त्यांनी पाणी दिले आणि म्हणाल्या की नोंद चढली, आता पुराव्याशिवाय बदलता येत नाही. पुरावा म्हणजे मागच्या बाळंतपणाचा दवाखान्याचा कागद, किंवा जन्माचा दाखला, किंवा मृत्यूचा दाखला.

७. दवाखान्याचा कागद : हा कागद होता. त्यावर ‘पुढील प्रसूती मोठ्या रुग्णालयात’ असे डॉक्टरांनी खाली रेघ मारून लिहिले होते. तो सासूबाईंनी भाकरीच्या फडक्यात गुंडाळून घोड्यावरच्या बिऱ्हाडात ठेवला होता. मार्च महिन्यात तळ हलवताना गाठोडे सुटले आणि एका शेळीने फडक्यासकट तो खाल्ला. हे ऐकून प्राथमिक आरोग्य केंद्राचे क्लार्क पोट धरून हसले. मीही त्यांच्या जागी असते तर हसले असते. सदर शेळी कळपात हयात असून तिच्या डाव्या कानाला चीर आहे. तिचा जबाब नोंदवायचा झाल्यास ती रविवारपर्यंत उपलब्ध आहे.

दुसरी प्रत घ्यायला मी बिरदेवांबरोबर त्या दवाखान्यात गेले. डॉक्टर दवाखाना बंद करून पुण्याला गेले आहेत. तिथे आता मोबाईलचे दुकान आहे. दुकानदाराने फार आपुलकीने बसायला खुर्ची दिली.

८. जन्माचा दाखला : घाटमाळवाडी ग्रामपंचायत म्हणाली, जन्म आमच्या हद्दीत नाही. पिंपळखोरे ग्रामपंचायत म्हणाली, आई आमची रहिवासी नाही. तरीही तिथल्या ऑपरेटरांनी आमच्यासाठी संगणक उघडला, त्याबद्दल आभारी आहे. जन्माचे ठिकाण या रकान्यात त्यांच्याकडे घर आणि दवाखाना असे पर्याय होते. रान नव्हते. त्यांनी सुचवले की रानमालकाचे घर लिहू. लालासाहेब तयार झाले. मग घरपट्टीची पावती मागितली, ती त्यांनी आणली. मग संगणकाने विचारले की आईचे घरमालकाशी नाते काय. लालासाहेब म्हणाले, “नातं कसलं आलंय? ह्यांची मेंढरं बसत्यात माज्या रानात, लिवा तसं.” तसा पर्याय नव्हता. शेवटी असे निघाले की, एक वर्ष उलटून गेल्याने आता दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागेल, आदेशासाठी जन्माचा काहीतरी पुरावा लागेल, आणि पुरावा म्हणून मातेचे कार्ड चालेल. माझे कार्ड दाखवले. त्यावर पहिली खेप लिहिलेली आहे.

मृत्यूचा दाखला : जन्माची नोंद नसलेल्याच्या मृत्यूची नोंद करता येत नाही, असे दोन्हीकडे एकमताने सांगण्यात आले. दोन ग्रामपंचायतींचे या प्रकरणात एवढ्या एकाच मुद्द्यावर जमले.

म्हणजे कार्ड दुरुस्त करायला दाखला हवा आणि दाखला काढायला दुरुस्त कार्ड हवे. या फेऱ्यात मी पोटातले बाळ घेऊन साडेतीन महिने फिरते आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात एकाने मला बाजूला घेऊन समजावले की ताई, पहिलीच राहू द्या, पहिलीला योजना आहे, तुमचाच फायदा आहे. माझी मुलगी झालीच नाही असे मानण्यात माझा फायदा आहे, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते. मी तिथे रडले नाही. बाहेर येऊन रडले.

९. या एका आकड्याला पुढे आणखी फाटा फुटला, तोही निदर्शनास आणून देते. पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत असल्याने, कार्डावर पहिली खेप पाहून ऑक्टोबरमध्ये माझ्या नावापुढे ‘प्रसूतीसाठी माहेरी जाणार’ असे लिहिले गेले आणि माझे नाव आटपाडी तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या गावी वर्ग झाले. माझे आईवडीलही मेंढपाळ आहेत. माझे माहेरही चालते आहे. ते यंदा लवकर निघून इंदापूरच्या बाजूला गेले आहेत. तिथल्या आशाताईंनी घराला कुलूप पाहून ‘स्थलांतरित’ लिहिले. तेव्हा आजमितीस मी सासरच्या यादीत नाही, माहेरच्या यादीत नाही आणि अतिजोखमीच्या यादीत तर नव्हतेच. आठ महिन्यांचे पोट घेऊन मी नेमकी कुठल्या गावची माता आहे, याचा खुलासा व्हावा. दर महिन्याच्या नऊ तारखेला मोठ्या डॉक्टरांची तपासणी असते. या महिन्यात नऊ तारखेला रविवार आल्याने ती सोमवारी ठेवली आहे. आमचा तळ रविवारी हलतो.

१०. इथपर्यंत आपण वाचले असेल तर पुरावा नसताना ही बाई अर्ज का करते, असे आपल्या मनात आले असेल. पुरावा आहे. तो मला २३ सप्टेंबरला मिळाला.

त्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रातून नेहमीप्रमाणे रिकाम्या हाताने बाहेर पडले आणि ऊन लागले म्हणून अँब्युलन्सच्या सावलीला टेकले. गाडीचे ड्रायव्हर तानाजीदादा यांनी गाव विचारले. मी घाटमाळवाडी सांगितले. आडनाव विचारले. सरगर म्हटल्यावर ते म्हणाले, “कोंडीबा सरगराचं घर न्हवं का? निळ्या दाराचं, कुलूप हुतं बगा त्येला. म्या आलतो तिथं. दोन वर्सं व्हत आली. कडी वाजवली, पाठीमागनं फिरून आलो, शेजारी कुणी गावंना. अर्धा तास थांबलो की वो. बारकी पोरगी म्हनून सांगितलं हुतं. जगली का ती?”

मी नाही म्हणाले. ते गाडीच्या पायरीवर बसले. मग त्यांनी गाडीची जुनी फेऱ्यांची वही शोधून काढली आणि ते पान दाखवले. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या परवानगीने त्याची झेरॉक्स मिळाली, ती सोबत जोडली आहे. त्यावर असे लिहिले आहे :

‘दि. १४/०२/२०२४. सकाळी ९.५०. मौजे घाटमाळवाडी, कोंडीबा सरगर यांचे घर. नवजात बालक, स्त्री, वय ९ दिवस, दूध ओढत नाही. घरास कुलूप. पत्त्यावर रुग्ण आढळून आला नाही. गाडी रिकामी परत.’

खाली तानाजीदादांची सही आहे आणि केंद्राचा गोल शिक्का आहे.

महोदय, माझ्या मुलीची सरकारी कागदावर एवढी एकच नोंद आहे, आणि ती सापडली नाही अशी आहे. हे पान मी क्लार्कना दाखवले तेव्हा ते म्हणाले की यात तर रुग्ण आढळला नाही असेच आहे, हा पुरावा कसा होईल. मी आपल्याला नम्रपणे विचारते की, जी नव्हतीच तिला शोधायला सरकारी गाडी अठ्ठावीस किलोमीटर कशी गेली? तिच्या नावाने डिझेल जळले. तिच्यासाठी एक माणूस बंद दाराची कडी वाजवत अर्धा तास उभा राहिला. तिचे वय वहीत आहे, ती मुलगी होती हे वहीत आहे, तिला काय होत होते हेही वहीत आहे. आता तिला माझ्या पोटी झालेली म्हणून कार्डावर मोजावे, एवढेच मागते आहे.

११. तळ रविवारी ठरल्याप्रमाणे हलणार आहे. मेंढरांना थांबवता येत नाही. या वेळी मी तळाबरोबर जाणार नाही. सासूबाईही माझ्यासोबत मागे राहणार आहेत. लग्न झाल्यापासून तीस वर्षांत त्यांनी एकही फेरी चुकवलेली नाही, यंदा पहिल्यांदाच चुकवत आहेत. सासरे आणि बिरदेव दोघेच दोनशेवीस मेंढरे घेऊन निघतील. आम्ही आमच्या बाजूने आमची रीत मोडली आहे. आपल्या बाजूने एक आकडा मोडावा.

१२. तरी विनंती की,

कार्डावरील व संगणकावरील १ चा २ करण्यात यावा. मागच्या बाळंतपणाचे रकाने उघडून, त्यात रक्तस्राव झाला होता आणि बालक नवव्या दिवशी दगावले, हे लिहिण्यात यावे. माझे नाव माहेरच्या यादीतून काढून घाटमाळवाडीस परत आणावे आणि मोठ्या दवाखान्यात भरती होण्याची तारीख लेखी मिळावी. तोंडी नको, तोंडी माझ्याकडे पुष्कळ आहे.

फॉर्ममध्ये मागील अपत्याच्या नावाचा रकाना आला तर तिथे रेघ मारावी. बाराव्या दिवशी बारसे होते, ती नऊच दिवस होती. नाव ठेवायचे राहिले. त्याबद्दल आता तक्रार नाही. तिचे नाव चुकले तरी चालेल, तिला मोजताना चुकू नये.

या अर्जाचे उत्तर घाटमाळवाडीच्या पत्त्यावर पाठवावे. या वेळी घराला कुलूप नसेल. मी आत असेन.

कळावे.

आपली नम्र, पण उत्तर घेतल्याशिवाय न हलणारी,

(सही)
सौ. स्वप्नाली बिरदेव सरगर
खेप दुसरी

सोबत :
१) माता व बाल संरक्षण कार्डाची झेरॉक्स. चुकीच्या आकड्यावर मी स्वतः शाई लावलेली नाही, दुरुस्तीचा अधिकार आपला आहे.
२) अँब्युलन्सच्या फेऱ्यांच्या वहीतील दि. १४/०२/२०२४ च्या पानाची झेरॉक्स.
३) लालासाहेब, सेवानिवृत्त सुभेदार, पिंपळखोरे यांचे सहीचे पत्र व घरपट्टीची पावती.
४) आशाताई रेश्मा यांचे पत्र : वजन एक किलो नऊशे, तळहातावर लिहिल्याचे त्यांना स्पष्ट आठवते.
५) सासूबाईंचा जबाब. त्यांना लिहिता येत नाही. त्यांनी जसे सांगितले तसे मी उतरवले असून एकही शब्द सुधारलेला नाही :

“म्या मनुबाई कोंडीबा सरगर. जूनमदी दवाखान्यात पयली म्हनून सांगितलं ती मीच. सूनबाईची चूक न्हाई. नदर लागंल म्हनून भ्यालो हुतो. पोरगी माज्या हातात झाली आन माज्या मांडीवर गेली. केस लय हुतं तिला, काळंभोर. दोन वर्सं झाली, घरात कुणी तिचं नाव काढंना. नावच न्हवतं तर काढनार काय? आता पोटातल्याला नदर लागू दे न्हाईतर ऱ्हाऊ दे, त्यो बिरोबा बगून घील. पर सूनबाईचं रगत गेलं तर म्या काय करू? सायब, ती हुती. माजी नात हुती. दोन लिवा.”

(डाव्या हाताचा अंगठा)